वाऱ्याला आडवी नांगरट

इरफानने गच्चीवर तांदळाचे पापड वाळत घातले होते आणि फोन त्यांच्यावरून सावकाश फिरवत तो बायकोला ते दाखवत होता.

"बघ, एकावर तरी धूळ आहे का? वरून फडकंसुद्धा टाकलं नाही मी."

"दिसतायत," मेहर म्हणाली. "मीठ किती पडलंय ते तळल्यावर कळेल."

"तुझं कौतुक म्हणजे हे असं."

खरं तर कौतुक करण्यासारखंच होतं. सिद्रा हे अरबस्तानातलं बंदराचं गाव, मागे सगळं वाळवंट. सात वर्षांपूर्वी इथे कुणी उघड्यावर पापड घातले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा दारं-खिडक्या लावूनही ताटात कचकच यायची. इरफान इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवायचा. धुळीने त्याची फुफ्फुसं कडक होत गेली आणि चाळिशीच्या आतच त्याला शाळा सोडावी लागली. नाकाला नळी लावून दिवसभर खिडकीशी बसायचा आणि जिना चढायचा म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. मग पापुद्रा आला, हवा निवळली, आणि हा माणूस पुन्हा वर्गात उभा राहून पोरांना ओरडू लागला.

पापुद्रा म्हणजे मुळात शेवाळाचाच एक प्रकार. डोळ्यांना न दिसणारे निळे-हिरवे जीव प्रयोगशाळेत वाढवायचे, पाण्यात कालवायचे आणि टँकरने जमिनीवर फवारायचे. पहाटेच्या दवावर ते जगत आणि अंगातून चिकट रस सोडत. त्या रसाने मातीचे बारीक कण एकमेकांना धरून बसत. काही महिन्यांत जमिनीवर पातळ, करड्या रंगाचा थर धरे. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा दिसतो म्हणून फवारणी करणाऱ्या मराठी कामगारांनी त्याला ते नाव दिलं, आणि पुढे साहेबलोकांच्या तोंडीही तेच बसलं.

"आणि तुमच्या त्या मोठ्या वादळाचं काय झालं?" इरफानने विचारलं. "गेल्या आठवड्यात आम्ही सगळे मास्क लावून दार बंद करून बसलो होतो. साधी शिंकसुद्धा आली नाही कुणाला. फुसकं निघालं तुमचं वादळ."

"तेच बघायला निघालेय," मेहर म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिला जायचं अगदी जिवावर आलं होतं. ध्रुवीय धूळ मंडळाची हवामानतज्ज्ञ म्हणून ती पठारावरच्या तळावर राहत होती. तळ सिद्राच्या दक्षिणेला अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता. आठवडाभर तिने पडद्यावरचे नकाशे चाळले होते. वाऱ्याचा वेग बरोबर, दिशा बरोबर, आर्द्रता बरोबर. तरी आकाशात धूळ चढलीच नव्हती. मंडळाचे लोक रोज विचारत होते, का नाही चढली? शेवटी तिच्या लक्षात आलं की सगळ्यांनी वारा तपासला, जमीन बघायला मात्र कुणीच गेलं नव्हतं. ती स्वतःही नाही. लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती जीपमध्ये बसली.

जमीन म्हणजे एक आटलेलं तळं होतं, क्षितिजापर्यंत पसरलेलं. हजारो वर्षांचा मऊ गाळ तिथे साचला होता. या गाळावरचा पापुद्रा मोडून काढायचं काम बिरूदेव लवटे आणि त्यांच्या माणसांना दिलं होतं. लवटे सांगोल्याकडचे. पापुद्रा फवारायला पहिली टोळी आली तीच त्यांची. फवारणी संपल्यावर मंडळाने त्यांच्या हाती ट्रॅक्टर आणि नांगर दिले.

मेहर उतरली आणि समोर बघतच राहिली. नांगरट देखणी होती. नांगराने पाडलेली तासं सुतात ओढल्यासारखी, मधले वरंबे हातभर उंच, ढेकळं जशीच्या तशी. आणि एकूण एक तास पूर्व-पश्चिम.

"कशी झालीया?" लवट्यांनी डोक्यावरचं फडकं सोडत विचारलं. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा स्पष्ट दिसत होती.

"लवटेमामा, तासं आडवी का? ट्रॅक्टरच्या पडद्यावर रेघा दिल्या होत्या ना? दक्षिणोत्तर?"

"त्या व्हय? त्या चुकल्या हुत्या, मॅडम."

"चुकल्या होत्या?"

"मग काय! सरळ वाऱ्याच्या तोंडाला दिल्या हुत्या. हितं वारं येतंय दक्षिणंकडनं. तशी तासं घातली आसती तर एका वावटळीत समदी माती उडून गेली आसती की. म्हटलं, हापिसात कुणाची तरी गफलत झाली आसंल, आपुन नीट करून देऊ. ते आपोआप चालायचं बटण बंद केलं आन् हातानं आडवी घातली. गेल्या आठवड्यात केवढं वारं सुटलं हुतं! पर माती हलली का बघा."

मेहर जीपच्या पायरीवर बसली. हसावं की रडावं तेच तिला कळेना.

"आता पेरायचं काय तेवढं सांगा," लवटे उत्साहाने म्हणाले. "गाळाची जमीन हाय. पाणी आणणार आसाल तर हरभरा काय, करडई काय, वाट्टंल ते यील. माणसं सारखी इचारत्यात."

म्हणजे या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. पापुद्रा का मोडायचा, हे मंडळाच्या बैठकांमध्ये दोन वर्षं चघळलं गेलं, वर्तमानपत्रांत रकाने भरले, सिद्रात सभा झाल्या. नांगर धरणाऱ्याला तेवढं सांगायचं राहिलं. आणि त्यांनी जमीन बघून जे समजायचं ते समजून घेतलं.

"मामा, बसा जरा," ती म्हणाली. "इथे काही पेरायचं नाहीये. ही माती उडायलाच हवी होती."

लवटे बसले नाहीत. "उडायला हवी हुती?"

मग मेहरने सांगितलं. तिने हे इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावलं होतं की तिचा आवाज आपोआप सपाट झाला. वाळवंटाची धूळ पार उत्तर ध्रुवापर्यंत जाते. इथून ध्रुव केवढा लांब, तरी चार-पाच दिवसांत पोचते. पश्चिमेला कमी दाबाचं वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलटं फिरत असतं आणि पूर्वेला जास्त दाबाची हवा सुलटी. दोन्ही शेजारी आले की मधली हवा उत्तरेला ढकलली जाते.

"रसवंतीचा चरक बघितलाय ना? दोन रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात आणि ऊस मधून पुढे ओढला जातो. तसंच. वादळ माती उचलतं, ढगांच्या उंचीला नेतं, आणि मग ती त्या दोघांच्या मधून सरळ उत्तरेला."

"आन् तिकडं बर्फावर पडती. म्हनून तर बांधली आपुन. काळं बर्फ लवकर वितळतंय, आसंच सांगितलं हुतं तवा."

"तेव्हा तेवढंच कळलं होतं. अर्धंच." मेहरने डोळे चोळले. "आकाशातलं पाणी नुसत्या थंडीने गोठत नाही, मामा. दुधाला विरजण लागतं तसं त्याला काहीतरी लागतं. मातीचा कण असला की त्याच्याभोवती पाणी गोठतं, हिमाचे खडे होतात, खाली पडतात, आणि ढग विरून आकाश मोकळं होतं. आपण माती बांधली आणि तिकडच्या ढगांचं विरजणच संपलं. आता तिथे कडाक्याच्या थंडीतही ढग पाण्याचेच राहतात. हलत नाहीत, पडत नाहीत. रजई पांघरल्यासारखे बर्फावर बसून असतात आणि खालची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. बर्फ पूर्वीपेक्षा जोरात वितळायला लागलंय."

"म्हंजी उडवली तरी वितळतंय, बांधली तरी वितळतंय."

"मापात उडवली तर नाही. आणि तिकडे ऊन वर यायच्या आत. परवा येणारं वादळ हे यंदाचं शेवटचं. त्यानंतर उडवली तर ती नुसतीच बर्फ काळं करणार."

लवट्यांनी तासांकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज चढला.

"सात वरसं, मॅडम! सात वरसं आमी ही माती बांधली. आमचा एक माणूस उन्हानं हितंच गेला. तवा तुमी सत्कार केला, हार घातलं, म्हनला जगावर उपकार केलं. आता वरंबं मोडायचं, ढेकळं फोडायची, पिठावानी करायचं आन् वाऱ्यावर उधळायचं? आन् उधळल्यावर पहिली कुणाच्या नाकात जाणार ती? सिद्राच्याच न्हवं?"

"हो."

"तुमचं मिस्टर तिथंच आसत्यात."

"हो," मेहर म्हणाली. "तिथेच असतात."

त्यावर लवटे जरा नरमले. फडकं झटकून खांद्यावर टाकत हळूच म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या की आसंच. वर सांगा, मजुरांनी चुकीचं नांगारलं, आता येळ न्हाई. माझ्यावर ढकला. लई तर काय, घरी धाडत्याल. मी तसाबी कटाळलोय."

मेहर जीपमध्ये बसली. वाटेत तिने स्वतःशी मान्य केलं की हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि तेही लवट्यांनी तोंड उघडण्याच्या आधी. आडवी तासं बघून धक्का बसला, त्याच्या पाठोपाठ तिला बरं वाटलं होतं. चूक दुसऱ्याची, धूळ उडणार नाही, इरफान श्वास घेत राहील. यात तिला काहीच करावं लागणार नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला या दिवसांत फार सोपं जात होतं.

तळावर पोचली तेव्हा मंडळाचा अधिकारी पडद्यावर वाटच बघत होता. "कारण सापडलं?"

"सापडतंय."

"परवापर्यंत जमीन तयार होईल का तेवढं सांगा. नाहीतर यंदाचा मोसम गेला म्हणून कळवून टाकतो. उत्तरेच्या, ग्रीनलंडमधल्या ठाण्यावर परिस्थिती वाईट आहे."

त्याने तिला तिथली चित्रं दाखवली. ग्रीनलंडच्या बर्फावर ऐन थंडीत पाऊस पडत होता. उणे वीसच्या थंडीत आकाशात लोंबकळत राहिलेलं पाणी जरा उबदार वारा येताच खाली कोसळत होतं, आणि पांढऱ्या मैदानावर निळ्या पाण्याचे ओहोळ फुटले होते. मेहरने ही चित्रं कितीतरी वेळा पाहिली होती. आता तिला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

दुपारी आईचा फोन आला. आई दाभोळच्या खाडीकाठी एकटी राहायची. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात मासळी मिळाली नाही हे सांगावं तसा.

"कबरस्तान हलवायचं ठरलंय गावानं. उधाणाचं पाणी थेट आत येतं आता. गेल्या अमावास्येला तुझ्या बाबांच्या उशाशी गुडघाभर होतं. वर टेकडीवर नेतायत सगळ्यांना, एकेकाला. बाबांची पाळी पुढल्या आठवड्यात. तू येशील का?"

"बघते," मेहर म्हणाली.

"बघ. नाही जमलं तरी मी आहे."

एका वादळाने खाडीचं पाणी ओसरणार नव्हतं, हे मेहरला आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. दहा वादळांनीही नाही. दरवर्षी धूळ सोडत राहिलं तर कुठे पाणी चढायचा वेग कमी झाला असता, आणि तेव्हासुद्धा बाबांच्या टेकडीवरच्या कबरीपर्यंत ते कधी पोचेल एवढाच फरक. एका बाजूला खाड्या, बंदरं, किनाऱ्यावरची कोट्यवधी माणसं. दुसऱ्या बाजूला सिद्रा, आणि सिद्रात तिचा नवरा. तिला नवरा हवा होता. यात लपवण्यासारखं काय आहे? पण बाबांना खणून काढताना आई तिथे एकटी उभी असणार, हेही डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी तिने इरफानला फोन लावला. गेल्या वेळी धूळ का उडली नाही आणि या वेळी ती कशी उडणार, हे सांगायचं ठरवूनच लावला होता.

"परवा पुन्हा वादळ म्हणे?" तोच म्हणाला. "नगरपालिकेने भोंगा फिरवलाय. मास्क घ्या, घरात बसा. शेजारचे म्हणाले, आम्ही नाही बसणार बुवा, गेल्या वेळी उगाच दिवस फुकट घालवला. मी म्हटलं, माझ्या बायकोची वादळं अशीच असतात. गडगडाट फार."

"इरफान..."

"काय गं? दमलेली दिसतेस."

त्याच क्षणी तिने सांगितलं असतं तर तो हसायचा थांबला असता. तू थांबव ना, एवढं तो म्हणाला असता, आणि ती थांबली असती. याची तिला इतकी खात्री होती की तिने ओठ मिटून घेतले.

"खिडक्यांच्या फटीत ओले कपडे कोंब," ती म्हणाली. "या वेळी नीट कोंब. मास्क काढू नकोस. आणि वाफेने औषध घ्यायचं यंत्र चालू करून बघ, ते वापरून किती दिवस झाले."

"आज्ञा, बाईसाहेब," तो म्हणाला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आटलेल्या तळ्यावर गेली. लवटे ट्रॅक्टरपाशी चहा पीत बसले होते. तिने कागदावर आदेश लिहून आणला होता, तो पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"कागूद नको मॅडम. तोंडानं सांगा. काय करायचं ते तुमच्या तोंडानं ऐकू द्या मला."

मेहरने कागद खिशात घातला. "वरंबे मोडा," ती म्हणाली. "ढेकळं फोडा. रोटाव्हेटर मारा, अगदी पीठ होईपर्यंत. तासं वाऱ्याच्या दिशेने."

"आन् तुमच्या मिस्टरांना सांगितलं?"

"नाही."

लवट्यांनी तिच्याकडे पाहिलं, चहाचा कप उपडा ठेवला आणि माणसांना हाक मारली. त्या दिवशी आणि रात्रीही ट्रॅक्टर थांबले नाहीत. काम झाल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "पुढच्या वर्षाला दुसरी माणसं बघा," एवढंच म्हणाले आणि वारा सुटायच्या आत माणसांना घेऊन सिद्राकडे निघाले.

वारा सुटला तेव्हा तळ्याची जमीन आधी धुरकटली, मग उठली. पाहता पाहता दक्षिणेकडचं आकाश विटेच्या रंगाचं झालं. पठारावरून भिंतीसारखी धूळ उत्तरेला निघाली आणि मेहर काचेआड उभी राहून ती जाताना बघत होती. याच कामासाठी तिने अर्धं आयुष्य शिक्षण घेतलं होतं, आणि काम अगदी मनासारखं झालं होतं. जाड वाळू वाटेतच खाली बसली. बारीक गाळ समुद्र ओलांडून वर चढला, कॅस्पियनच्या बाजूने, दोन रुळांच्या मधून, हिशेबात होता तसाच.

सिद्रावरून ती धूळ पूर्ण एक दिवस जात राहिली. वादळ फुसकंच निघणार म्हणून अर्धं गाव रस्त्यावर होतं.

इरफानला इस्पितळात नेल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. चार दिवसांनी रस्ते मोकळे होताच ती निघाली. ती पोचली त्याच दिवशी उत्तरेच्या ठाण्यावरून निरोप आला. ढग गोठायला लागलेत. कोरडं, भुसभुशीत हिम पडतंय. कितीतरी आठवड्यांनी आकाश मोकळं झालंय, तारे दिसतायत, आणि पारा भराभर खाली चाललाय. खाली अभिनंदनाचे दोन-तीन शब्द होते. तिने फोन पालथा घातला.

इरफान खाटेवर टेकून बसला होता. ओठ निळसर पडले होते, यंत्र त्याच्या छातीला श्वास पुरवत होतं. एका दमात तीन-चार शब्दांपलीकडे त्याला बोलता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, या वेळी निभावलं, पुढच्या वेळचं सांगता येत नाही. पुढची वेळ एका वर्षाने येणार होती, आणि त्यानंतर दरवर्षी.

"पडलं का... बर्फ?" त्याने विचारलं.

"पडलं."

"बरं झालं." त्याने दम घेतला. "तो तुमचा... लवटे... भेटायला आला होता. सगळं सांगून गेला. रडला... बिचारा."

मेहर त्याच्या शेजारी बसली.

"एक सांग," तो म्हणाला. "तू मला... आधी का नाही बोललीस? मी 'नको' म्हणेन... असं वाटलं?"

तिने आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "हो."

"बरोबर वाटलं." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला पुढची पायरी विचारावी तसा तो शांतपणे तिच्याकडे बघत होता. "मी... नकोच म्हणालो असतो. मला जगायचंय... मेहर. अजूनही."

यंत्राने दोन-तीनदा हवा आत ढकलली, बाहेर काढली. मग त्याने पुढचं विचारलं.

"मग... पुढच्या वर्षी... मला विचारणार आहेस का?"